नुसत्या पाण्यातली उष्णता

२२ ऑक्टोबर २००४, दसरा

आज यंत्राला हळदकुंकू लागलं. वर झेंडूचा हार, बाजूला आपट्याची पानं, आणि समोर अण्णाजी हातात नारळ घेऊन नेम धरून उभे. मी आडवा आलो म्हणून नारळ यंत्राच्या टेबलावर न फुटता उंबऱ्यावर फुटला. एका अंशाच्या दहा लाखाव्या भागाइतका फरक ओळखणारं हे उष्मामापी यंत्र. विदर्भात दुसरं नसावं. त्याच्या नशिबी पहिल्याच दिवशी नारळाचं पाणी येत होतं.

अण्णाजी आमच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांची एक तेलाची मिल आहे, दोन शाळा आहेत आणि वर्ध्याच्या वेशीवर कापसाच्या जुन्या जिनिंगच्या इमारतीत ही वनौषधी संशोधन संस्था आहे. पाहुण्यांना त्यांनी यंत्र समजावून सांगितलं : "मोठं थर्मामीटर समजा." पाहुण्यांनी माना डोलावल्या. पाच वर्षं परदेशात अशाच यंत्रावर काढून मी इकडे आलो तो बाबांच्या तब्येतीसाठी. हे इतक्या लोकांना सांगितलं आहे की आता मलाही पाठ झालंय.

पाहुणे गेल्यावर रूपरावने, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या परिचराने, न सांगता कापूस आणि स्पिरिट घेऊन यंत्रावरचं कुंकू पुसलं. बटणांच्या फटीतलंही काढलं. पुसायची कामं त्याला बरी जमतात.

२ नोव्हेंबर

मला एक संशोधन सहायक दिली आहे. अपेक्षा. आष्टीची. वडील लक्ष्मणराव, संत्र्याची बाग. पहिल्याच दिवशी पिशवीभर संत्री घेऊन आली. मी म्हटलं, इथे खायला बंदी आहे. तिने ती रूपरावला दिली. नागपूरची एम.एस्सी. आहे, त्यामुळे पाठांतर उत्तम.

तिला पद्धत समजावली. यंत्रात चमच्याहून लहान पेला आहे. त्यात हत्तीरोगाच्या जंताचं एक प्रथिन. वरून सुईने औषधाचा एकेक थेंब सोडायचा. औषध प्रथिनाला चिकटलं की किंचित उष्णता निघते, ती मोजायची. सुरुवातीला सगळ्या जागा मोकळ्या, म्हणून उष्णता जास्त. जागा भरत गेल्या की कमी कमी. सगळ्या भरल्या की शून्य. कागदावर त्याची एक वळणदार रेघ उमटते. औषध किती घट्ट बसतं, किती जागी बसतं, सगळं त्या रेघेत असतं. बाकीच्या पद्धतींत रंग लावा, खुणा लावा, अंदाज बांधा. उष्णता मात्र खोटं बोलत नाही.

हे शेवटचं वाक्य तिने वहीत लिहून घेतलं. अशी मुलं नेमकं तेच लिहून घेतात जे लिहून घ्यायचं नसतं.

२४ नोव्हेंबर

अण्णाजींना केळझरच्या कुणा वैदूने सांगितलं की रानातल्या हिंगणबेटाच्या फळाने हत्तीपाय उतरतो. झालं. आमचा संशोधनाचा विषय ठरला. तीन महिने आमची रसायनाची मंडळी पोतीच्या पोती फळं उकळत, गाळत, वाळवत होती. हाती आलं पन्नास मिलिग्रॅम पांढरं चूर्ण. त्याला नाव दिलं, ह-सात.

आज ते सुईत भरलं. भरण्याआधी रूपराव बाटली धुवून आला आणि दारात उभा राहिला.

"साहेब, हे तं लई फेसाळून राह्यलं."

"मग?"

"काई नाई. आमची माय हिंगणबेटानं लुगडी धुये. तसाच फेस आहे."

मी म्हटलं, "तुमच्या आईचं संशोधन नंतर ऐकतो. आधी सुई पुसा."

त्याने सुई पुसली. मी थेंब सोडायला सुरुवात केली, आणि अर्ध्या तासात पडद्यावर जे उमटू लागलं ते पाहून खुर्ची पुढे ओढली. पहिले दहा थेंब भरपूर उष्णता. अकराव्या-बाराव्याला उतार. पंधराव्यानंतर शून्य. पुस्तकात छापतात तशी रेघ.

२५ नोव्हेंबर

पुन्हा दोनदा केलं. तीच रेघ. इतकी घट्ट पकड मी परदेशातसुद्धा पाहिली नव्हती. तिथे जे मला 'हाताने चांगला, डोक्याने मध्यम' म्हणत त्यांना हा कागद पाठवला पाहिजे. सध्या नको. आधी शोधनिबंध.

२९ नोव्हेंबर

अपेक्षा आज वही घेऊन आली. चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा भाव.

"सर, एक विचारू? पेल्यात प्रथिन न घालता, नुसत्या पाण्यात ह-सात सोडून पाहायचं का एकदा?"

"कशाला?"

"कंट्रोल म्हणून. नुसतं पातळ होतानाही काही उष्णता निघत असेल तर ती वजा करायला."

मी तिला रेघेचं शेवटचं टोक दाखवलं. पंधराव्या थेंबानंतर उष्णता शून्य. नुसतं पातळ होण्याची उष्णता असती तर ती शेवटच्या थेंबालाही दिसली असती. म्हणजे कंट्रोल त्या रेघेतच आहे. शिवाय एका प्रयोगाला तीन मिलिग्रॅम ह-सात लागतं आणि ते काही बाजारात किलोने मिळत नाही.

"हो सर. पण पहिल्या थेंबाला एक आणि शेवटच्याला वेगळं, असं पाण्यातही होत असेल तर?"

"पाण्यात जागा असतात का, भरायला?"

ती गप्प झाली. वादात गप्प होणारी माणसं मला आवडतात. पण जाताना तिने प्रश्न वहीतून खोडला नाही. शेजारी तारीख टाकली. काय ही कारकुनी.

५ डिसेंबर, रविवार. आर्वी

बाबांना भेटायला आलो. पक्षाघातानंतर त्यांचा डावा हात चालत नाही, तरी गल्ल्यावर बसायचं सोडत नाहीत. प्रभाकररावांचं किराणा दुकान म्हणून अख्खी आर्वी ओळखते. मुलगा काय करतो ते मात्र कुणाला माहीत नाही. आई सांगते, "वर्ध्याले औषधाच्या दुकानात आहे." मी दुरुस्त करणं सोडलं आहे.

एक गिऱ्हाईक जिरं घ्यायला आलं. बाबांनी एका हाताने तराजू उचलला आणि दोन्ही रिकामी पारडी लोंबकळत ठेवून बघत बसले. मग एका पारड्याखाली चिंचोका चिकटवला. पुन्हा बघत बसले. पाव किलो जिऱ्यासाठी हा सोहळा.

"बाबा, इलेक्ट्रॉनिक काटा आणून देतो म्हटलं ना."

"त्याचाही पासंग पाहाच लागते. रिकामं पारडं पाह्यल्याशिवाय माल टाकू नाई." मग गिऱ्हाइकाकडे बघून म्हणाले, "हा मोठा शास्त्रज्ञ आहे बरं. याले हे सांगाव नाई लागत."

गिऱ्हाईक हसलं. एका पुडीपायी पंधरा मिनिटं गेली. या वेगाने या देशात औषधं निघणार.

१७ डिसेंबर

अण्णाजींना निकाल दाखवला. रेघ उलटी धरून पाहिली त्यांनी. तरी उठून मिठी मारली. म्हणाले, "सव्वीस जानेवारीले जाहीर करू. मंत्री येऊन राह्यले." मी म्हटलं, हे फक्त प्रथिनाला चिकटणं आहे; जंत मरतो का, माणसाला सोसतं का, वर्षांचं काम बाकी आहे. ते म्हणाले, "ते होत राहील डॉक्टरसाहेब. लोकायले आशा पायजे." वर्षानुवर्षं सरकीचं तेल विकून माणूस आशेवर आला की असाच बोलतो.

संध्याकाळी रूपराव घुटमळत होता. तो रोज रोहण्याहून येतो; बायको धुरपता तिथेच असते. तिला अकरा वर्षं हत्तीपाय आहे, हे मला आजच कळलं. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या चालू आहेत. रोज पाय धुणं, पुसणं, मलम लावणं, बांधणं.

"साहेब, हे आपलं औषध खरंच धरते का?"

मी म्हटलं, "रूपराव, अशी पकड मी जन्मात पाहिली नाही."

तो कोपऱ्यातल्या कॅनपाशी गेला. मग त्याने गाळून उरलेला अर्क मागितला. दोन कॅन होते, फेकायचेच होते. घेऊन जा म्हटलं.

४ जानेवारी २००५

भारनियमनाने जीव नकोसा केला आहे. सहा-सहा तास वीज नाही. यंत्राचं तापमान स्थिर व्हायला दोन तास लागतात, आणि स्थिर झालं की वीज जाते.

अण्णाजींनी वाट न पाहता आर्वी तालुक्यात शिबिरं सुरू केली. उकळलेल्या अर्काच्या बाटल्या, त्यावर त्यांचा फोटो. रोहण्यातच ऐंशी वाटल्या म्हणे. हा माझा विभाग नव्हे. माझं काम मोजण्याचं आहे, वाटण्याचं नाही.

१५ जानेवारी

आज रागातच लिहितोय.

काल संक्रांतीची सुट्टी. अपेक्षा एकटी आली, रूपरावकडून किल्ली घेतली, आणि मला न विचारता तीन मिलिग्रॅम ह-सात नुसत्या पाण्यात सोडलं. प्रथिन नाहीच. आज सकाळी कागद माझ्या टेबलावर, त्यावर तिळाच्या लाडवांची पुडी.

तिला बोलावलं. परवानगीशिवाय यंत्राला हात लावणं म्हणजे काय ते सांगितलं. ह-सातचा एकेक कण काढायला किती दिवस गेले ते सांगितलं. संत्र्याच्या बागेत वाढलेल्या मुलीला फळ तोडायची घाई असते हेही सांगितलं. ते सांगायला नको होतं, पण सांगितलं.

ती ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "सर, तुम्ही कागद पाहिला का?"

"नाही."

"पाहा ना एकदा. मी कोणाले दाखवला नाई." रागात असली की तिची भाषा घसरते. "तुम्हीच पाहा आणि तुम्हीच सांगा. मी काही बोलणार नाही."

म्हणजे अण्णाजींकडे चहाडी करायचीही धमक नाही. मी यंत्राच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. लाडू रूपरावला दिले.

कागद घरी आणला आहे. पाहणार नाही. घाईत केलेल्या प्रयोगात काय पाहायचं?

१६ जानेवारी, रविवार

कपाटात मी चार मिलिग्रॅम राखून ठेवलं होतं. दुपारी वीज होती. एकटाच गेलो. हेतू एवढाच की तिची चूक कागदावर दाखवता यावी.

पेला सात वेळा धुतला. प्रथिन नाही, नुसतं पाणी आणि मीठ. थेंब सोडले.

पहिले दहा थेंब भरपूर उष्णता. अकराव्या-बाराव्याला उतार. पंधराव्यानंतर शून्य.

तीच.

१७ जानेवारी

रात्री डोळ्याला डोळा नव्हता, त्यामुळे कारण सापडायला वेळ लागला नाही. ते पदवीच्या मुलालाही सापडलं असतं. ह-सात हा साबण आहे. साबणाचे रेणू दाट पाण्यात झुंडी करून बसतात. सुईतून थेंब पेल्यात पडला की पातळ पाण्यात झुंडी फुटतात, आणि फुटताना उष्णता निघते. थेंबामागून थेंब पडत गेले की पेल्यातलं पाणीही दाट होतं. मग झुंडी फुटायच्या थांबतात आणि उष्णता शून्य. वळणदार रेघ. प्रथिन असो की नसो. जंताला काहीच चिकटलेलं नाही.

फेस येत होता. दारात उभं राहून रूपराव मला सांगत होता.

आता काय? अण्णाजींना सांगून उपयोग नाही. उष्णता म्हटलं की त्यांना चहा आठवतो. मंडप ठरला, मंत्री ठरले. शिवाय एका कंट्रोलवरून सगळं बाद ठरवणं घाईचं होईल. जंतावर दुसरा काही परिणाम असूही शकतो. शोधनिबंध थांबवतो. तेवढं पुरे आहे.

अपेक्षाने काही विचारलं नाही. दिवसभर माझ्याकडे बघत होती. वर्गात उत्तर माहीत असूनही हात वर न करणारी मुलं असतात, तशी.

२६ जानेवारी

झेंडावंदन, मग मंडप. मंत्री दीड तास उशिरा. अण्णाजी म्हणाले, "गांधीजींच्या जिल्ह्यातून हत्तीरोगाले चले जाव." टाळ्या. बेचाळीसच्या लढ्यातल्या आष्टीच्या हुतात्म्यांनाही त्यांनी या कामाला जुंपलं.

मग माझं नाव पुकारलं. जाताना मी ठरवलं होतं : 'काही तपासण्या अजून बाकी आहेत, तोवर कुणीही हे औषध घेऊ नये.' दोन ओळींचं वाक्य. खिशात लिहूनही ठेवलं होतं. माईकपाशी गेलो. समोर तिसऱ्या रांगेत रूपराव धुतलेला सदरा घालून बसला होता. माझं नाव ऐकून तो शेजारच्याला काहीतरी सांगत होता.

मी म्हणालो, "धन्यवाद."

शाल दिली. कापड बरं आहे.

१ फेब्रुवारी

रूपराव तीन दिवस आला नाही. मी त्याचा अर्धा पगार कापायची चिठ्ठी लिहीत होतो तेव्हा अपेक्षा न विचारता आत आली आणि न विचारता बसली.

"धुरपताकाकूंना वर्ध्याला आणलंय. दवाखान्यात. आठवडाभर उलट्या आणि जुलाब होते. आता पायही पेटलाय, ताप उतरत नाही."

मी चिठ्ठी फाडली.

वॉर्डात धुरपता भिंतीकडे तोंड करून पडली होती. ठेंगणी, काळीसावळी बाई. हाताला सलाईन. चादरीखाली एक पाय दुसऱ्याच कुणाचा असावा असा. रूपराव स्टुलावरून उठला आणि मला बसायला स्टूल दिलं. सवय.

"किती दिवस देत होता अर्क?" मी विचारलं.

"नाताळापासून. सकाळ-संध्याकाळ."

"आणि गोळ्या?"

"बंद केल्या. पाय धुनंही बंद केलं. म्हटलं आता काय गरज." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "अपेक्षाबाईनं सांगतलं होतं संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, का काका थांबा म्हनून. म्या म्हटलं, साहेब सांगन तवा थांबतो. तुमी तं काई बोलले नाई साहेब."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मला वाटतं तो समजूतदार माणूस आहे. मी डॉक्टरांना गाठून अर्कात काय होतं ते सांगितलं. ते तरुण गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "साबण प्यायला दिला?" मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या हो.

तांत्रिकदृष्ट्या. बाहेर येऊन हा शब्द मी स्वतःशी पुन्हा म्हणून पाहिला.

३ फेब्रुवारी

अण्णाजींना सगळं सांगितलं. चहा, उष्णता, साबण, जमेल तितकं सोपं करून. माझा अंदाज चुकला : त्यांना दोन मिनिटांत समजलं. साबण त्यांच्या मिलमध्येही बनतो.

"कोणाकोणाले माहीत आहे?"

"मी. अपेक्षा. आता दवाखाना."

त्यांनी दुसऱ्या दिवशी या असं म्हटलं नाही. तिथेच कारकुनाला बोलावून टिपण टाइप करवलं. अपेक्षाने परवानगी नसताना यंत्र वापरलं, त्यामुळे पेला दूषित झाला आणि पुढचे निकाल बिघडले. रूपरावने फेकायचा अर्क चोरून नेला. मूळ संशोधन निर्दोष. शिबिरं काही काळ स्थगित. खाली माझ्या सहीची जागा.

"पोट्टी काय, उद्या लग्न होऊन जाईल. रूपरावले मी मिलमध्ये लावतो, उपाशी नाई मरू देत. तुमचं नाव खराब व्हाव का डॉक्टरसाहेब? एवढे शिकलेले."

मी कागद खिशात घातला. नाही म्हणालो नाही. हे इथे लिहून ठेवतो, कारण काही वर्षांनी मला वाटेल की मी म्हणालो होतो.

४ फेब्रुवारी

टिपण तीनदा वाचलं. 'उष्मामापी' हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिला आहे. 'दूषित'मधला उकार ऱ्हस्व. असल्या कागदावर मी सही करणार नाही.

दुसरा लिहिला. 'ह-सात हे जंताच्या प्रथिनाला चिकटत नाही. मोजलेली उष्णता त्या पदार्थाच्या साबणी गुणधर्माची आहे. प्रथिनाशिवाय नुसत्या पाण्यात चाचणी घेण्याची सूचना संशोधन सहायक अपेक्षा यांनी २९ नोव्हेंबरला केली होती. ती मी नाकारली. १४ जानेवारीला त्यांनी ती स्वतः घेतली व कागद मला दिला. १६ जानेवारीला मी स्वतः खात्री केली व दहा दिवस गप्प बसलो. अर्क मीच रूपराव यांना नेऊ दिला. वाटलेला अर्क कुणीही पिऊ नये.'

'दहा दिवस' खोडून 'एकोणीस दिवस' केलं. मोजायचं तर नीट मोजावं.

प्रती काढल्या : जिल्हा आरोग्य कार्यालय, अनुदान देणारे दिल्लीतले लोक, दोन वर्तमानपत्रं, अण्णाजी. पोस्टातला माणूस म्हणाला, रजिस्टर करायचं तर रांगेत लागा. लागलो.

९ फेब्रुवारी

खोलीचं कुलूप बदललं. मला आत सोडलं नाही. माझी पुस्तकं पोत्यात भरून फाटकापाशी ठेवली होती. एका वर्तमानपत्राने छापलं, आतल्या पानावर, गुळाच्या भावाशेजारी. दुसऱ्याने छापलंच नाही. परदेशातल्या जुन्या प्रयोगशाळेतून अजून कुणी हसलेलं नाही. त्यांना मी सांगितलंच नव्हतं, ते एक बरं.

अपेक्षाची शिष्यवृत्ती दिल्लीची आहे, तिला ती नागपूरला नेता येईल. शिफारसपत्र मागायला आली. मी लिहिलं : कुशल, चिकाटीची, उद्धट. मग 'उद्धट' खोडून नवा कागद घेतला. खाडाखोड केलेलं पत्र कुणी मानत नाही.

ती म्हणाली, "सर, धुरपताकाकू घरी गेल्या. ऐंशी बाटल्या आहेत रोहण्यात. मी रविवारी जातेय गोळा करायले."

"तुला कुणी सांगितलं?"

"कोणी नाई. तुम्ही येता का?"

१३ फेब्रुवारी, रविवार

रोहण्याला गेलो. एस.टी.त अपेक्षाने खिडकीची जागा मला दिली.

दुपारपर्यंत एकतीस बाटल्या मिळाल्या. बाकीच्यांचे नमुने असे : "आमाले फायदा आहे, आमी देत नाई." "फोटोवाल्या बाटलीतच तं गुण आहे." एका म्हाताऱ्याने बाटली रॉकेलला वापरली होती आणि अर्क गाईला पाजला होता, गाय बरी आहे. एकाने विचारलं, "तुमीच का ते, मंडपातले? शाल घेनारे?" मी हो म्हटलं. तो दार लावून आत गेला. लोक मूर्ख असतात असं मी आयुष्यभर समजत आलो. आज एकाही घरी तसं वाटलं नाही, त्यामुळे थकवा फार आला.

शेवटी रूपरावच्या घरी. तो अंगणात लाकडं फोडत होता. मला पाहून त्याने कुऱ्हाड ठेवली, अपेक्षाला "या बाई" म्हटलं, आणि आत निघून गेला. पुन्हा बाहेर आला नाही. बहुधा चहा ठेवायला गेला असावा, पण चहा आला नाही.

धुरपता ओसरीवर पाय पाटावर ठेवून बसली होती. अंगातली चोळी दोन मापं सैल झालेली. मी समोर उभा राहिलो आणि सुरुवात केली : यंत्र असं, उष्णता अशी, साबणाच्या झुंडी अशा. अर्ध्यात तिने हात वर केला.

"डाक्टर, सादं सांगा. चूक कोनाची?"

"माझी."

"माह्या मालकाची नाई ना?"

"नाही."

"मंग हे जोरात सांगा. तो आत आयकून राह्यला."

मी जोरात सांगितलं. शेजारच्या दोन बायका कुंपणाशी आल्या. पुन्हा सांगितलं.

मग तिने उशाशी ठेवलेलं गाठोडं सोडलं. त्यात दवाखान्यातल्या गोळ्यांची पाकिटं होती. चार प्रकारची, जुनी आणि नवी एकत्र. तिला अक्षरओळख नाही. रूपराव तिला वाचून द्यायचा. गेले पंधरा दिवस तो गोळीला हात लावत नाही म्हणे, भीती बसली आहे त्याला.

"हे वाचता येते का तुमाले?" तिने विचारलं.

"येतं."

"का हेही पयले कोनाले इचारा लागन?"

अपेक्षाने मान दुसरीकडे वळवली. मी पाटाशेजारी खाली बसलो. एकेक पाकीट घेतलं. नाव वाचलं. मुदत वाचली. दोन जुनी निघाली, ती बाजूला ठेवली. दवाखान्याच्या कागदाशी ताडून पाहिलं. जेवणाआधीच्या गोळ्यांना लाल धागा बांधला, नंतरच्यांना पांढरा. धागे तिनेच काढून दिले. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"दोनदा काऊन वाचलं?"

"खात्रीसाठी."

ती माझ्याकडे बघत राहिली, फळ पिकलं की नाही हे पाहावं तशी. मग लाल धाग्याची एक गोळी काढून तिने तळहातावर ठेवली, पण तोंडात टाकली नाही. तळहात अपेक्षासमोर धरला.

"बाई, तू पाह्य."

अपेक्षाने पाकीट घेतलं, वाचलं, आणि मान हलवली. तेव्हा धुरपताने गोळी गिळली.